ऐकलेलं पुस्तक, वाचलेलं पुस्तक

चोपडा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

ऑफिसातला मित्र तुला म्हणाला, कानात इअरफोन घालून पुस्तक ऐकलं ते काही वाचन नव्हे. त्यावरून तू हिरमुसलास, म्हणून मुद्दाम लिहायला बसले.

आपल्याकडे श्रावणात पोथी लागते तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारी सगळी आळी. ऐकणाऱ्यांना पोथी कमी कळली असं कोणी म्हणत नाही. नवविधा भक्तीतही पहिला मान श्रवणाचाच. बर्कले विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये काही जणांना त्याच गोष्टी ऐकायला आणि वाचायलाही दिल्या, तेव्हा अर्थ लावताना मेंदूत उमटलेलं चित्र दोन्ही वेळा जवळजवळ सारखंच निघालं. हे तूच मला सांगितलं होतंस ना? मग मित्राला का नाही सांगितलंस?

आणि आपण तर बहिणाबाईंच्या मुलखातली माणसं. असोद्याच्या त्या माउलीला अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात हात चालू असताना गाणी सुचत गेली. शाळेतली पोरं ती गाणी पुस्तकी मराठीच्या चालीत वाचतात, तेव्हा मला चुटपुट लागते. तीच ओळ त्या भागातल्या एखाद्या म्हातारीच्या तोंडून ऐक, शब्दावरचा हेल कुठे पडतो ते लगेच कळेल. कागदाला तो हेल दाखवता येत नाही. पण ती गाणी त्यांच्या लेकाने, सोपानदेवांनी उतरवून घेतली नसती तर? १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. नुसत्या कानावर भिस्त ठेवली असती तर त्यातलं किती उरलं असतं!

यंदा बिबडे, आपले ज्वारीचे पापड, करताना तू फोनवर घालून दिलेली कादंबरी मी ऐकली. घाटा शिजवायचा, ओल्या फडक्यावर थापायचा, खाटेवर टाकायचा. हात पिठात, डोळे थापण्यावर, कान तेवढे मोकळे. वाचणाऱ्या बाईंचा आवाज फार गोड, आणि सासू-सुनेच्या भांडणात त्या आवाज असा बदलत की शेजारची काकू काम टाकून येऊन बसली. पण मधे कुकरची शिट्टी झाली आणि थोरल्या जावेने वाटणीचं काय ठरवलं तेच निसटलं. पिठाच्या हातांनी फोन मागे कोण नेणार? पुस्तकात नजर आपसूक दोन ओळी वर जाते. ते वाक्य डाव्या पानावर खाली होतं, एवढंही लक्षात राहतं.

म्हणून माझं मत सांगते. गोष्ट, आत्मचरित्र, प्रवासवर्णन बसमध्ये खुशाल ऐक. तुझ्या परीक्षेचं पुस्तक मात्र कागदावर, हातात पेन्सिल घेऊनच वाच. जिथे थांबून विचार करावा लागतो, तिथे आवाज तुझ्यासाठी थांबत नाही. आणि दीडपट वेगाने ऐकायची सवय मला मुळीच पटत नाही. चांगला वाचणारा एखाद्या वाक्यापाशी थांबतो तो विचारपूर्वक थांबतो. ते थांबणंच तू आखडून टाकतोस. वेळ वाचवायचा तर दुसरीकडे वाचव.

अप्पा बळवंत चौकात जाणं झालं तर तीच कादंबरी माझ्यासाठी छापील घेऊन ठेव. वाटणीचं प्रकरण मला नीट वाचायचंय. टाइप मोठा आहे ना, ते आधी पाहून घे. येणाऱ्या कोणाबरोबर बिबडे पाठवते.

तुझी
आई