ताई, ‘हे वचनात कुठं आहे?’

प्रिय ताई,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

पदवीदानाच्या दिवशी बऱ्याच जणांचे आभार मानले गेले. ग्रंथालयाचा आणि ते सांभाळणाऱ्या तुमचा उल्लेख कुणी केला नाही, मीही केला नाही, आणि ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हे पत्र. उघडं लिहितोय, कारण सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मसेवक घडवणाऱ्या विद्यालयात, पहिल्याच असाइनमेंटपाशी अडून बसलेल्या मुलामुलींनीही ते वाचावं असं वाटतं.

मी नेवासा तालुक्यातून पुण्याला आलो तेव्हा मला बोलता येत होतं. तरुण संघात, घरोघरच्या प्रार्थनासभांत अर्धा-अर्धा तास संदेश दिलेला. लिहिणंही तसंच असेल असं धरून चाललो. पहिला अर्थविवरणाचा, म्हणजे बायबलमधला उतारा उलगडून सांगायचा, पेपर होता मार्कच्या शुभवर्तमानातल्या ४:२६-२९ वर, आपोआप वाढणाऱ्या बीजाचा दाखला. शेतकऱ्याचा मुलगा मी, एका रात्रीत आठ पानं लिहिली. शेतकऱ्यानं घाम गाळला, खुरपणी केली, राखण केली, म्हणून पीक आलं; सेवकानंही असंच राबावं. मधले दोन परिच्छेद एका भाष्यग्रंथातून जसेच्या तसे उतरवले. पेपरावर शून्य मिळालं.

त्या संध्याकाळी मी बॅग भरायची ठरवूनच पुस्तकं परत करायला आलो होतो. तुम्ही पेपर मागून घेतलात, उभ्याउभ्याच वाचलात आणि खुरपणीच्या ओळीवर बोट ठेवून विचारलंत, “हे वचनात कुठं आहे?”

नव्हतंच. तुम्ही मला ती चार वचनं मोठ्यानं वाचायला लावली. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. पुढं थेट विळा. खुरपणी, राखण, घाम हे सगळं माझ्या घरचं होतं आणि मी ते प्रभूच्या तोंडी घातलं होतं. ताई, ते कळलं तेव्हा मला शून्यापेक्षा जास्त भीती वाटली. चर्चच्या मंडळीपुढं उभं राहून मी हेच तर करत आलो होतो!

मग तुम्ही टेबलावर भाषांतरं मांडलीत. नेहमीचं पवित्र शास्त्र, शेजारी पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं. एक बाई शेवटच्या आजारपणापर्यंत या कामाला बसली, आपण निदान दोन ओळी ताडून पाहू, असं म्हणालात. २८व्या वचनातला ग्रीक शब्द ‘आउटोमाटे’, म्हणजे ‘आपोआप’, तुम्हीच कोशात शोधायला शिकवलात. नव्या करारात तो दोनदाच येतो: इथं, आणि प्रेषितांची कृत्ये १२:१० मध्ये, पेत्रासमोर लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो तिथं. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, लेवीय २५ मध्ये, विश्रांतीच्या वर्षी न पेरता उगवलेल्या पिकाला तोच शब्द आहे. तो धागा हाती लागल्यावर मी जेवायला गेलोच नाही.

उतरवलेल्या परिच्छेदांबद्दल मी वाद घातला होता. देवाचं वचन सगळ्यांचं, मग त्यावरचे विचार एकट्याचे कसे? तुम्ही रागावला नाहीत. लूकच्या पहिल्या अध्यायाची पहिली चार वचनं काढून दिलीत. लूक सुरुवातीलाच सांगतो की याआधी पुष्कळांनी लिहायला घेतलंय, पहिल्यापासून डोळ्यांनी पाहणाऱ्यांनी हे आम्हाला सोपवलंय, आणि मी सगळं नीट शोधून लिहितोय. मग तुम्ही नवव्या आज्ञेची आठवण दिलीत. खोटी साक्ष देऊ नको. चोरीची आज्ञा निघेल असं मला वाटलं होतं. तुम्ही साक्षीची काढलीत. कुणाचं काय घेतलं हे सांगणाऱ्या तळटीपेकडं तेव्हापासून मी खरी साक्ष म्हणूनच पाहतो.

इंग्रजीत लिहिण्याचं सांगायचं तर, आधी मराठीत लिही, मुद्दा मराठीत सुटला नाही तर इंग्रजीत गुंताच होईल, हा तुमचा सल्ला मी तीन वर्षं पाळला. तुम्ही माझं एकही वाक्य लिहून दिलं नाहीत. फक्त समासात पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढायचात. सुधारलेल्या पेपराला पास होण्यापुरतेच गुण मिळाले, पण तोच पेपर मी अजून जपून ठेवलाय.

आता गावाकडच्या मंडळीत आहे. मागच्या रविवारी याच दाखल्यावर संदेश दिला आणि या वेळी घामाबद्दल चकार शब्द काढला नाही. उपासना झाल्यावर एक आजोबा बाहेर थांबले होते. म्हणाले, “पाळकसाहेब, पेरल्यावर आम्ही रात्री झोपतोच की, पण हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.”

आमचा शाळू पोटरीत आलाय. जानेवारीत हुरडा होईल. ग्रंथालयाला सुट्टी असेल तो दिवस कळवा, नेवासा फाट्यावर मी घ्यायला येईन.

तुमचा,
खिडकीजवळच्या टेबलावरचा विद्यार्थी