तू पाहिलेला किल्ला आणि आपली केळणा

भोकरदन, जि. जालना
18 मे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

श्रीलंकेहून तुझं मोबाइलवर आलेलं लांबलचक लिखाण आईला दोनदा वाचून दाखवलं. उत्तर मात्र मला कागदावरच सुचतं. दादा याचा फोटो काढून पाठवील.

तू 25 मीटर खाली गेलीस, हे वाचलं तेव्हा आधी मी आपल्या मळ्यातली विहीर आठवली. ती 60 फूट, म्हणजे 18 मीटर. तिच्या तळाच्याही खाली गेलीस तू, आणि तेही समुद्रात, अंगावर जमिनीवरच्या साडेतीनपट दाब घेऊन. त्याच विहिरीत तुला पाठीला वाळला भोपळा बांधून सोडली होती, सात वर्षांची असताना. पायरीचा दगड तू असा धरला होतास की बोटांची टोकं पांढरी पडली होती. एकेक बोट मी सोडवलं होतं. तेव्हा रडलीस, माझ्यावर दोन दिवस रुसलीस. आज वाटतं, ते एकेक बोट सोडवलं ते बरं झालं.

त्या बुडालेल्या जहाजाच्या आत शिरली नाहीस, बाहेरून फिरलीस, हे फार शहाणपणाचं केलंस. सडलेलं लोखंड कधी खचेल सांगता येत नाही, आणि आत गाळ उठला की आल्या वाटेचं दार दिसत नाही. खाली गेल्यावर लाल रंग आधी नाहीसा होतो, तुझं लाल घड्याळ राखाडी दिसलं, हे वाचून आई कितीतरी वेळ स्वतःच्या बांगड्यांकडे पाहत बसली.

तू पाहिलेलं ते 'ब्रिटिश सार्जंट' तेलाचं जहाज 9 एप्रिल 1942 ला जपानी विमानांनी बुडवलं. त्याच दिवशी 'हर्मिस' ही विमानवाहू नौकाही बुडाली आणि तिच्यावरची 307 माणसं गेली. त्रिंकोमालीवर हल्ला होणार हे कळल्यावर आदल्या रात्रीच ती बंदर सोडून निघाली होती. ती 50 मीटरपेक्षा खोल आहे. तिकडे जायचा विचार इतक्यात करू नकोस.

आता खरं सांगायचं ते. दुपारी त्रिंकोमालीचा किल्ला पाहिलास, कोनेश्वराचं दर्शन घेतलंस, आवारात फिरणाऱ्या हरणांचे फोटो पाठवलेस. त्यातल्या एका फोटोत हरणांच्या मागे जुनं घर आहे, आणि 'इथे वेलस्ली नावाचा कुणी इंग्रज राहिला होता' एवढंच तू लिहिलंस. अगं, तो आपला वेलस्ली! असईच्या लढाईतला! 1800 च्या अखेरीस तो तिथे फौज घेऊन होता. पुढे मुंबईत तापानं आजारी पडला, म्हणून इजिप्तच्या मोहिमेवर निघालेल्या जहाजावर चढू शकला नाही. ते जहाज लाल समुद्रात बुडालं. तो वाचला, आणि दोन वर्षांनी, 23 सप्टेंबर 1803 ला, आपल्या केळणा नदीत घोडा घालून पलीकडे गेला.

इतकी वर्षं मी वर्गात असईची लढाई शिकवली, पण त्रिंकोमालीचं घर नि ते बुडालेलं जहाज माझ्या डोळ्यांपुढे कधी आलं नव्हतं. ते तुझ्या एका फोटोनं आलं. राहवेना, म्हणून रविवारी दादाला घेऊन असईला जाऊन आलो. नदी कोरडी ठाक आहे. आम्ही वाळूत उभे राहिलो. पलीकडे जायला उतार, म्हणजे पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा, नाही असं वाटाड्ये सांगत होते, पण समोरासमोर दोन गावं पाहून वेलस्लीनं ताडलं की मध्ये उतार असणारच. नदीकाठच्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी तिनं हेच सांगितलं असतं. उतरताना त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफगोळ्यानं उडालं.

दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसल्यांचं सैन्य केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात होतं. कवायती पायदळ पोलमन नावाच्या जर्मनाच्या हाताखाली. आपले गोलंदाज तोफांपाशीच उभे राहिले आणि संगिनींनी तिथेच भोसकले गेले. काही मेल्यागत पडून राहिले आणि इंग्रज पुढे जाताच उठून त्यांच्या पाठीवर तोफा वळवल्या. इंग्रजांचे दीड हजारांवर मेले-जखमी झाले. वॉटर्लूला नेपोलियनला हरवूनही वेलस्ली पुढे असईलाच आपली सर्वांत मोठी कामगिरी मानत असे. त्यानं 98 तोफा नेल्या. त्या तोफांमागे मेलेल्यांची नावं कुठे लिहिली गेली नाहीत, आणि मला हे फार लागतं. तुला 'हर्मिस'वरच्या माणसांची यादी शोधल्यास मिळेल. इथे ज्या वावरात ती माणसं पडली तिथे आता कपाशी होते, मका होतो.

येताना धाब्यावर शेवभाजी नि भाकरी खाल्ली. दादानं तुझा तो कोत्तु रोट्टीचा व्हिडिओ मालकाला दाखवला, दोन पात्यांनी तव्यावर खटाखटा पोळी तोडतात तो. मालक म्हणाला, आवाज इथपर्यंत आला. आईचा प्रश्न वेगळाच आहे: त्या पोल सांबोलाच्या चटणीत ओलं खोबरं किती नि मिरची किती? तिनं पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून यंदाची मिरची भरून ठेवलीय. खोबऱ्याचं प्रमाण विचारून ये.

परत एकदा किल्ल्यात जाणं झालं तर त्या घराच्या दारात उभी राहा आणि समुद्राच्या बाजूचा फोटो काढ. मला त्याच्या खिडकीतून काय दिसत असेल ते पाहायचंय.

आणि परवा सकाळचं विमान आहे ना? मग उद्या दुपारनंतर पाण्यात उतरू नकोस. लागोपाठ बुड्या मारल्या की विमानाआधी 18 तास तरी जाऊ द्यावे लागतात, अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जायला. उतरायच्या आधी तुझ्या शिकवणाऱ्यांना विचार आणि मला कळव.

तुझे आण्णा