मायनरचे ब्रेक

ऑक्सफर्ड, रविवार

प्रिय सुध्या,

माझी शुगर आटोक्यात आहे, सुमनचा गुडघा होता तसाच. तब्येतीचं एवढं पुरे. लिहायचं कारण वेगळं आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

मीराला माझी जुनी मॉरिस मायनर हवी आहे. गावात मिरवायला नव्हे. जावई आणि दोन वर्षांची ओवी यांना घेऊन उन्हाळ्यात थेट वेल्सच्या किनाऱ्यापर्यंत जायचं म्हणते. ऐकून इतका आनंद झाला म्हणून सांगू! आणि त्याच रात्री झोप उडाली.

गाडी १९५९ ची, ९४८ सीसी, ३७ अश्वशक्ती. इंजिनाची मला चिंता नाही, ते ताशी ५० मैलांनी दिवसभर पळेल. चिंता थांबण्याची आहे. चारही चाकांना ७ इंची ड्रम, आणि ब्रेक ऑइलची लाइन एकच. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. पेडल दाबलं की त्या लाइनीत दाब भरणारा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या पोटात. त्याचे बोल्ट काढायला जावं तर टॉर्शन बार, म्हणजे पुढच्या चाकाला स्प्रिंगचं काम देणारी पिळाची सळई, आडवा येतो. बापू मिस्त्री असते तर ज्यानं तो तिथं बसवला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता, आणि आपण दोघं पाना धरून हसत बसलो असतो.

दुसरी भीती पुढच्या चाकाच्या खालच्या ट्रनियनची, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्याची. ग्रीस चुकलं, तो झिजला, की एक दिवस चाक आडवं पडतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. मी ग्रीसगन घेऊन गाडीखाली जातोच. मीरा जाईल का? शिवाय इथं २०१८ पासून चाळिशी उलटलेल्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही, म्हणजे दुसरं कुणी खाली डोकावणारही नाही. आणि सीटचे पट्टे! गाडीत ते मुळातच नाहीत. पट्टे नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला कायद्यानं बसवताच येत नाही. म्हणजे ओवीसाठी पत्र्याला भोकं पाडून, आतून जाड पट्ट्या वेल्ड करून पट्टे बसवणं आलं.

इथला गॅरेजवाला म्हणतो, सगळंच करून टाकू. मॉरिस मरिना या नंतरच्या गाडीचे पुढचे डिस्क ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो, आणि हात लावलाच आहे तर १२७५ सीसीचं इंजिन. हे ऐकलं आणि तू डोळ्यांसमोर उभा राहिलास, अण्णांच्या अँबॅसिडरमध्ये डिझेल इंजिन उतरवताना. त्या पायी मी तुझ्या ताईच्या लग्नात तुझ्याशी बोललो नव्हतो. नलूमावशीनं आपल्याला एकाच पंगतीत शेजारी बसवलं, मधे जिलब्यांचं ताट ठेवलं आणि म्हणाली, आधी हे संपवा मग भांडा. ताट संपलं, भांडण नाही.

तू तेव्हा म्हणाला होतास, गाडी दारात उभी राहून मरण्यापेक्षा डिझेलवर चालू दे. मला ते अजूनही पटत नाही. ते १४८९ सीसीचं इंजिन अँबॅसिडर जिच्यावरून बनली त्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीबरोबर आलेलं होतं रे, आणि तू ते भंगारात घातलंस.

आता तू मायनरचा इतिहास काढशील, म्हणून मीच काढतो. मायनरची रचना करणाऱ्या अॅलेक इसिगोनिसला या गाडीत आडव्या सिलिंडरांचं नवं इंजिन घालायचं होतं. ते राहिलं, आणि १९४८ साली गाडी आली ती जुन्या मॉरिस एट गाडीचं ९१८ सीसीचं, जुन्या पद्धतीचं साइडव्हॉल्व्ह इंजिन घेऊन. मॉरिस कंपनी ऑस्टिनशी एकत्र झाल्यावर, १९५२ मध्ये, ८०३ सीसी. १९५६ मध्ये ९४८, १९६२ मध्ये १०९८. म्हणजे इंजिन तर कंपनीनंच पुन्हा पुन्हा बदललं. बरोबर आहे. पण इसिगोनिसचं जे खरं काम, ते कुणी हलवलं नाही: रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, पुढचे टॉर्शन बार, १४ इंची छोटी चाकं. नमुना तयार झाल्यावर ती त्याला अरुंद वाटली. त्यानं ती उभी चिरायला लावली आणि दोन अर्ध्या भागांत ४ इंचांचं अंतर ठेवल्यावर तिचं रूप त्याला पटलं. बॉनेटच्या मधोमध जी उठावाची पट्टी दिसते ती त्या ४ इंचांची. बंपर आधीच बनून आलेले, तेही मधे कापून जोडावे लागले. मॉरिसचा मालक लॉर्ड नफिल्ड हिला पोच्ड एग, म्हणजे कवच फोडून पाण्यात शिजवलेलं अंडं म्हणायचा. तरी दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी हीच, डिसेंबर १९६० मध्ये. मी राहतो तिथून जवळच, काउलीतल्या मॉरिसच्या कारखान्यात, हे सगळं घडलं. त्या रस्त्यानं जाताना माझी छाती अजून भरून येते.

तेव्हा इंजिनाला हात नाही, हे ठरलं. पट्टे बसवायचे, हेही ठरलं. ब्रेक बदलण्यात मला अपमान वाटत नाही, कारण १०९८ च्या वेळी कंपनीनंच पुढचे ड्रम ८ इंची केले होते. पण डिस्क बसवूनही लाइन एकच राहिली तर मूळ भीती तशीच. दोन सर्किटचा, म्हणजे दोन वेगळ्या लाइनींचा मास्टर सिलिंडर घालायचा तर त्याला त्या चासीच्या पोटातून बाहेर काढावं लागेल, पेडलची सगळी रचना बदलावी लागेल. गॅरेजवाला म्हणतो एवढं कशाला. त्याची नात मागच्या सीटवर बसणार नाही.

तासगावच्या पावसानं तुझी द्राक्षं गेली हे कळलं, फार वाईट वाटलं. विम्याचं काही झालं का? धाकट्याच्या लग्नाची तारीख कळव, मी येतो. वहिनींना नमस्कार.

आणि मला हे सांग: पेडल वरून टांगायचं झालं तर फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या भिंतीचा पत्रा किती आणि कुठं जाड करावा लागेल? अँबॅसिडरचं डिझेल बसवताना तू पेडलचं काम स्वतः केलं होतंस. वहीत चित्र काढ, नळ्या कशा न्यायच्या ते दाखव आणि फोटो पाठव. मीरा जूनमध्ये निघणार आहे, म्हणून या आठवड्यात.

तुझा,
विन्या