रापी हाती देणाऱ्या काकांस अनावृत आभारपत्र

इंदूर

आदरणीय काकांस,
सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानू लागले की आपण चहा सांगता आणि विषय बदलता. गेल्या दोन वर्षांत हे इतक्या वेळा घडले आहे की हे पत्र आपल्या हाती न देता चारचौघांसमोर ठेवावे, असे मी ठरवले. त्याला आणखी एक कारण आहे. माझ्या हातचा चामड्याचा पट्टा किंवा पाकीट पाहून ‘आम्हालाही शिकायचे आहे, सुरुवात कुठून करावी?’ असे विचारणारे हल्ली बरेच भेटतात, आणि मी त्यांना जे सांगते त्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य मूळचे आपले असते. ते माझ्या नावावर खपू नये, असे मला मनापासून वाटते.

शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिकेने चामड्याचे काम शिकावे, ही कल्पना आमच्या घरात कोणाला फारशी रुचली नव्हती. मी घरबसल्या पंधरा हत्यारांचा एक संच आणि कातड्याच्या तुकड्यांची एक पिशवी मागवली, आणि राजेंद्रनगरच्या आमच्या गॅलरीत बसून आठ दिवस त्या तुकड्यांवर ठशांनी नक्षी उठवण्याचा प्रयत्न केला. तुकडा ओला करायचा, ठसा धरायचा, मोगरीने ठोकायचे. वेलबुट्टी उमटायची आणि थोड्याच वेळात नाहीशी व्हायची. दोष मनगटाचा आहे असे समजून मी आणखी जोराने ठोकत राहिले, त्यात खालच्या मजल्यावरच्यांची दुपारची झोप गेली, आणि शेवटी तो तुकडा पर्समध्ये टाकून राजवाड्यामागच्या बोळातल्या आपल्या दुकानात आले. तोवर आपल्याकडून मी केवळ चपलांचे अंगठे शिवून घेतले होते.

आपण तुकडा हातात घेतला, त्याची कापलेली कड उजेडात धरून पाहिली, आणि शेजारच्या भांड्यात बोट बुडवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब अळवाच्या पानावर राहतो तसा उभा राहिला. मग आपण फळीखालून आपल्याकडचा एक बदामी रंगाचा तुकडा काढून त्यावर दुसरा थेंब सोडला, तो पाहता पाहता आत मुरला आणि मागे गडद डाग राहिला. “हे पाणी पितं, म्हणून ठसा धरून ठेवतं,” आपण म्हणालात. “तुमचं क्रोमचं आहे, ताई. कितीही ठोका, ते विसरून जाणार.” चाळीस मिनिटांच्या तासात मुलांना एवढ्या नेमकेपणाने एखादी गोष्ट मी कधी समजावली असेल, असे मला वाटत नाही.

त्या वाक्यामागचे शास्त्र मी नंतर वाचून समजून घेतले. कातडे कमावण्याची जुनी रीत झाडपाल्याची: बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांच्यातले टॅनिन कातड्यातल्या तंतूंना धरते, त्याला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि तयार होणारे चामडे घट्ट, पाणी शोषणारे, दिलेला आकार लक्षात ठेवणारे असते. क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम फार थोड्या वेळात होते. चामडे मऊ, लवचिक आणि उष्णतेला टिकणारे बनते, मात्र ओले करून दाबले तरी ते पुन्हा मूळ रूपावर येते. क्रोमच्या कच्च्या मालाचा रंग निळसर असतो, आणि वरून कोणताही रंग दिला तरी कापलेल्या कडेत पुष्कळदा ती राखाडी निळाई दिसते; आपण उजेडात काय पाहत होता ते मला तेव्हा उमगले. जगातले बहुतेक चामडे आज क्रोमनेच कमावले जाते, आणि मऊ पिशव्यांना किंवा बुटांच्या वरच्या भागाला तेच सोयीचे, हेही आपणच सांगितले होते. तो माल वाईट नव्हता, मी त्याच्याकडून भलतीच अपेक्षा केली होती.

दुसऱ्या दिवशी मी तो पंधरा हत्यारांचा संच मोठ्या अभिमानाने आपल्यापुढे उघडला. त्यातले चाकू आपण अंगठ्यावर आडवे फिरवून पाहिले आणि एकही शब्द न बोलता डबा बंद केला. माझ्यापुढे एक रापी म्हणजे चामडे कापायचे रुंद पाते, भोके पाडायची एक आरी, पोलादी पट्टी, बोथट टोकाच्या दोन सुया आणि मेणाचा खडा एवढेच ठेवलेत. त्यातही पहिला आठवडा रापीला धार लावण्यात गेला: आधी धारेच्या दगडावर, मग लाकडाला चिकटवलेल्या चामड्याच्या पट्टीवर हिरवे पॉलिश चोळून त्यावर, न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवायचा तशी, पाते मागे ओढत. मला त्या आठवड्यात आपला रागच आला होता, हे आज कबूल करते. पुढे माझ्या लक्षात आले की बोथट पाते अधिक जोर मागते, जोर दिला की हात घसरतो, आणि नवशिक्याच्या डाव्या बोटांवरचे बहुतेक घाव असेच होतात.

त्यानंतर तीन आठवडे मी केवळ सरळ पट्ट्या कापल्या. पोलादी पट्टी नेहमी कामाच्या भागावर ठेवावी, म्हणजे रापी घसरलीच तर टाकाऊ बाजूला जाईल. एका दमात कापू नये, तीनचार हलक्या फेऱ्यांत कापावे. पाते सरळ उभे धरावे, नाहीतर कड तिरपी होते आणि दोन पदर जोडताना ती चुगली करते. डाव्या हाताची बोटे पात्याच्या वाटेत कधीही नसावीत, हे तर आपण इतक्या वेळा सांगितलेत की आता भाजी चिरतानाही मला आपला आवाज ऐकू येतो. कातडे घेतानाही काय पाहायचे ते आपण शिकवले. पाठीचा भाग घट्ट असतो, पोटाचा सैल आणि ताणला जाणारा, म्हणून पोटाच्या भागातून पट्टा कापला तर तो काही महिन्यांत लांबतो. पट्ट्याला साडेतीन मिलिमीटर जाडी लागते, पाकिटाला एक ते दीड पुरते. माल चौरस फुटांवर मोजून मिळतो, तेव्हा भोके, ओरखडे आणि वेडेवाकडे काठ वजा जाता हाती काय उरेल त्याचा हिशोब दुकानातच करावा.

शिवणीबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण माझे मन या कामात गुंतले ते त्या दुपारी. मी विचारले होते की मशीन असताना हाताने शिवण्याचा खटाटोप कशाला. आपण दुरुस्तीला आलेल्या एका पिशवीचा निकामी बंद घेतला, त्याच्या मशीनच्या शिवणीतला एक टाका रापीने तोडला, आणि टोक धरून ओढताच पुढचे टाके एकामागून एक सुटत गेले. मग आपल्या हातच्या एका जुन्या बंदाचा टाका तसाच तोडून तो बंद माझ्या हाती दिलात, आणि “ओढा” म्हणालात. मी ओढला, पुन्हा ओढला, तो जागचा हलला नाही. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन धागे एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की दुसऱ्याचा आधार जातो. आपल्या शिवणीत एकाच धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात, त्यामुळे एक फेर तुटला तरी दुसरा तिथेच उभा असतो. घोड्याच्या जिनाला हीच शिवण लागते, कारण तिथे टाका सुटणे म्हणजे स्वार खाली येणे, आणि आपले आजोबा जिनांचीच कामे करत, हे आपण त्याच दिवशी ओघात सांगितलेत. ‘जीनगर’ हा शब्द मी आडनाव म्हणून ऐकत आले होते; त्यातले जीन मला त्या दिवशी प्रथम दिसले.

धागा शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट घ्यावा, त्याला मेण लावावे, प्रत्येक भोकात सुयांचा क्रम तोच ठेवावा, म्हणजे टाके एकाच बाजूला झुकतात. दुसरी सुई घालताना पहिला धागा बाजूला ओढून धरावा, नाहीतर सुई त्यालाच भोसकते. शेवटी दोन टाके उलटे घ्यावेत. हे लिहायला अर्धा परिच्छेद पुरला; हाताला समजायला चार महिने लागले.

कडा घासण्यासाठी आपण मला कतिरा डिंक भिजवायला सांगितलात, तेव्हा मी थोडी गोंधळले, कारण आमच्या घरी तो उन्हाळ्यात सरबतात पडतो. तो कडेला लावून कॅनव्हासच्या तुकड्याने कड गरम होईपर्यंत घासले की कडेचे मोकळे तंतू बसतात आणि काचेसारखी चकाकी येते. ही युक्तीदेखील पाणी पिणाऱ्या चामड्यावरच चालते, क्रोमवर नाही.

आता माझ्या पहिल्या पाकिटाबद्दल. बँकेचे कार्ड 85.6 मिलिमीटर लांब असते, हे मी काटेकोर मोजले, दोन्ही बाजूंना थोडी जागा धरून कप्पा 90 मिलिमीटरचा कापला, आणि दोन्ही कडांपासून तीन तीन मिलिमीटर आत सुबक शिवण घातली. आत उरले 84. कार्ड अर्थातच गेले नाही. तेहतीस वर्षे मुलांना वजाबाकी शिकवणाऱ्या बाईने हे करावे, यावर आपण इतके हसलात की पलीकडचा किल्लीवाला उठून पाहायला आला. मग आपण पुठ्ठा पुढे केलात. आधी पुठ्ठ्याचे पाकीट, त्यात खरे कार्ड घालून पाहायचे, आणि चामड्याची जाडीही जागा खाते हे ध्यानात ठेवून मगच कातड्याला पाते लावायचे. हाच धडा आपण पहिल्या दिवशी देऊ शकला असता, आणि कातड्याचा तो तुकडा आपलाच होता, त्याचे पैसेही आपण घेतले नाहीत. तो मला वाया घालवू देण्यात आपला काही विचार होता की निव्वळ भिडस्तपणा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला. गेल्या दिवाळीत आमच्या ओळखीच्या मंडळींत माझ्या पाकिटांचे फार कौतुक झाले. कोणी ‘कलाकार’ म्हणाले, कोणी प्रदर्शन भरवा म्हणाले. ते मी आपल्याला आनंदाने सांगितले, तेव्हा आपण टाका ओढत, मान वर न करता म्हणालात, “तुम्ही केलं की कला, ताई. आम्ही केलं की जात.” त्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. याच मंडळींपैकी काहींच्या घरी, आणि खरे सांगायचे तर आमच्याही घरी, सुरुवातीला माझा कातड्याचा डबा गॅलरीबाहेर येऊ दिला जात नव्हता. आपल्या दुकानात संत रोहिदासांची तसबीर आहे, तिच्याखाली चामडे भिजवायचे भांडे असते. त्यांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या ‘मन चंगा तो कठौती में गंगा’ या वचनातली कठौती म्हणजे हेच भांडे, हे ते वचन शाळेच्या फळ्यावर अनेकदा लिहूनही माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. हौस म्हणून जे माझ्या वाट्याला आले, ते आपल्या घराण्याने अवहेलना सोसून सांभाळले आहे. त्या बदल्यात मी काही देऊ शकते असे मला वाटत नाही; कोणी विचारले की कुठे शिकलात, तर आपले दुकान, आपला बोळ आणि आपले काम यांचा उल्लेख टाळायचा नाही, एवढे मात्र मी पाळते.

इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे, हे या शहरातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. तारेचा सांगाडा, त्यावर भरण, आणि वर ओले असताना ताणून बसवलेले पातळ कातडे, असे ते घोडे आणि हत्ती करतात. घोड्याच्या मानेवर कातड्याला एकही सुरकुती का पडत नाही, हे मला दाखवायला आपण आपले दुकान अर्धा दिवस बंद ठेवून एका कारागिरांकडे घेऊन गेलात. त्या अर्ध्या दिवसाची कमाई किती बुडाली, हे आपण सांगितले नाहीत आणि मी विचारण्याचे धाडस केले नाही.

यंदाच्या पावसाळ्यात माझ्या एकाही तुकड्याला बुरशी आली नाही. आपण सांगितल्याप्रमाणे प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाकल्या आणि सारे सुती कापडात गुंडाळून हवेशीर ठेवले आहे. डबा आता घरात, कपाटात असतो.

ते 84 मिलिमीटरचे पाकीट आपण फेकू दिले नाहीत. त्यात आपल्या सुया असतात, आणि दुकानात आले की माझी नजर आधी तिकडे जाते. पुढच्या आठवड्यात आमच्या शेजारची मुलगी माझ्याबरोबर आपल्याकडे येणार आहे, तिला शिकायचे आहे. तिनेही पंधरा हत्यारांचा संच मागवला आहे. तो घरीच ठेवून ये, असे मी तिला सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
राजेंद्रनगरची ताई