हिरवे दावे तपासणार कोण?

दापोली परिसरात सेकंड होमच्या फलकांवर ‘पाण्याचा शंभर टक्के पुनर्वापर’ झळकतो. मे महिन्यात मात्र अशाच एका वसाहतीच्या फाटकाशी टँकर उभा असतो आणि खालच्या वाडीतल्या विहिरीत कळशी बुडत नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२३ मध्ये बाजारमूल्यानुसार पहिल्या १५० सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना पाणीवापरासह निवडक आकडे त्रयस्थाकडून तपासून घ्यायला सांगितले. आमच्याकडचे बहुतेक बिल्डर सूचिबद्धच नाहीत. त्यांनीच मोजायचे, त्यांनीच छापायचे! महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, प्रकल्पाची माहिती भरावी लागतेच. तिथेच पाण्याच्या मीटरची नोंद आणि बाहेरच्या तपासनिसाचा अहवाल सक्तीचा करावा. तपासनिसाची फी बिल्डरने भरावी, नेमणूक मात्र त्याच्या हाती नको.

— एक वाचक, दापोली