तीच मुलगी, पुन्हा पुन्हा

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "रोज तीच दोन वेण्यांची मुलगी काय काढत बसतेस? पोर्टफोलिओ पुरा कधी होणार?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. पोर्टफोलिओ म्हणजे मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायचं काम मिळावं म्हणून संपादकांना दाखवायची माझी निवडक चित्रं.

एखादं देखणं चित्र पुष्कळांना जमतं. पण मुलांच्या पुस्तकात पहिल्या पानावरची मुलगी विसाव्या पानावरही तीच वाटावी लागते. पाठमोरी असो, झोपलेली असो, नाहीतर रुसून टेबलाखाली बसलेली. नाक जरा लांबलं की पोरं लगेच विचारतात, "ही कोण?" चित्रं निवडणारे संपादकही हेच आधी बघतात. म्हणून मी तिला पळताना काढते, पडताना काढते, खोटं बोलताना काढते. खोटं बोलणारं मूल सगळ्यात अवघड. तोंड हसत असतं, पण खांदे साथ देत नाहीत.

शिवाय मूल म्हणजे छोटं केलेलं मोठं माणूस नव्हे. मोठ्यांची उंची त्यांच्या डोक्याच्या साधारण साडेसातपट असते, वर्षाच्या बाळाची जेमतेम चौपट. हे वाचून डोक्याला कळतं. हाताला कळायला काढतच राहावं लागतं. सकाळी कामाला बसण्याआधी अर्धा तास, तोही पेनने. पेनाची रेघ पुसता येत नाही, त्यामुळे एकाच डोळ्याशी खेळत न बसता पुढे जावं लागतं. सुट्टीच्या दिवशी आठवड्यातलं एखादं बरं रेखाटन घेऊन त्याचं रंगीत चित्र करते.

आई, तुला त्या पावसाच्या चित्रातलं आभाळ रिकामं वाटलं ना? ते मुद्दाम सोडलंय, तिथे गोष्टीच्या ओळी बसतील. चित्रांच्या पुस्तकाची पानं बहुतेक 32 असतात, कारण छापलेला मोठा कागद घडी घालून पानं होतात आणि ती आठ-सोळाच्या पटीत येतात. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एक चित्र असेल तर बरोबर मधे शिवण येते. तिथे चेहरा आला की गेला दुमडीत! म्हणून मोठं चित्र करायच्या आधी काडेपेटीएवढ्या चौकटींत चार-पाच मांडण्या करून बघते. खरं सांगायचं तर मला रंगवण्यापेक्षा हेच जास्त आवडतं.

आणि पोर्टफोलिओ म्हणजे सगळी चित्रं नव्हेत. बारा-पंधरा पुरतात, एक कच्चं राहिलं तर बघणाऱ्याच्या लक्षात तेच राहतं. त्यात मुलं हवीत, प्राणी हवेत, गर्दी हवी, रात्र हवी, काही नुसती काळी-पांढरी हवीत. प्राण्यांत माझं घोड्याशी अजून जमत नाही. नोकरी सोडलेली नाही, इतक्यात सोडणारही नाही, तेव्हा त्याची काळजी नको.

आता तुमच्यासाठी काम. सोबत आठ चित्रं पाठवते आहे. ओळी काढून टाकल्यात आणि क्रमही मोडलाय. दोघांनी वेगवेगळे बसून क्रम लावा आणि काय गोष्ट दिसली ते लिहून कळवा. बाबा, आईच्या कागदात डोकावायचं नाही. जिथे तुम्हा दोघांचा क्रम जुळणार नाही, ती चित्रं मी पुन्हा काढायला घेते.

तुमची,
ताई