एफटीपी आता बंद करा

संपादक महोदय,

लालबागला आमचा छोटा छापखाना आहे. गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, वर्गणीदारांच्या याद्या अशा फायली मंडळी थेट आमच्या वेब सर्व्हरवर चढवतात. गेल्या महिन्यापर्यंत हे एफटीपीवर, म्हणजे सर्व्हरवर फायली पाठवायच्या जुन्या पद्धतीवर, चालायचं. साध्या एफटीपीत पासवर्ड आणि फाईल दोन्ही उघडेच जातात, वाटेत टपून बसलेल्याला सरळ वाचता येतात. लोकांचे फोन नंबर आपण इतकी वर्षं असे पाठवले, याने मी खरंच अस्वस्थ झालो.

एसएफटीपी, म्हणजे पासवर्ड आणि फाईल दोन्ही सांकेतिक रूपात (एन्क्रिप्ट करून) पाठवणारी पद्धत, बसवायला एक रविवार लागला. त्यासाठी लागणारं ओपनएसएसएच हे मोफत सॉफ्टवेअर सर्व्हरवर होतंच, पैसा लागला नाही. अडलं एकाच ठिकाणी. प्रत्येक मंडळाला त्याच्याच फोल्डरपुरतं ठेवायचं होतं, पण पासवर्ड बरोबर असूनही जोडणी तुटायची. दोन तासांनी उलगडलं : मंडळाचा तो वरचा फोल्डर रूटच्याच (सर्व्हरच्या मुख्य प्रशासक खात्याच्याच) मालकीचा हवा, इतर कुणाला त्यात लिहिण्याची मुभा नको. आत 'आवक' नावाचा वेगळा फोल्डर करून तो मंडळाच्या नावे केला, आणि पहिली पीडीएफ आली. लगेच एफटीपीचा २१ क्रमांकाचा पोर्ट (सर्व्हरवर येण्याची वाट) बंद केला.

मुंबईतल्या छापखाने, क्लासेस, पतपेढ्यांना कळकळीची विनंती, आपल्या सर्व्हरवर एफटीपी अजून चालू आहे का, हे होस्टिंगवाल्याला आजच विचारा.

— एक मुद्रक, लालबाग, मुंबई